कड्यावर चढणाऱ्या हातांचा बाम: ऑनलाइन डबी मागवण्याआधी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या भाचीचं पार्सल आमच्या औषधांच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं. पुठ्ठ्याचा खोका एका कोपऱ्यात तेलानं पारदर्शक झालेला. आत पत्र्याची चपटी डबी. झाकणाच्या कडेनं तेलाचा ओघळ आलेला आणि कागदी लेबलावरची निम्मी अक्षरं पसरलेली. झाकण उघडलं तर पिवळसर बाम एका बाजूला कलून थिजला होता आणि बोट फिरवलं की रव्यासारखे कण लागत होते. "मावशी, हे नुसतं वितळलंय की खराब झालंय?" तिनं विचारलं. तीस ग्रॅमचे ४८० रुपये तिनं साठवलेल्या पैशांतून मोजले होते.

भाची पुण्यात शिकते. तिथं कृत्रिम भिंतीवर चढण्याचा सराव करते आणि सुट्टीत सोलापूरला आली की जिन्याच्या चौकटीवर ठोकलेल्या लाकडी पट्टीला बोटांनी लोंबकळते. हा खेळ २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला आणि २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या तीन प्रकारांना वेगवेगळी पदकं असणार आहेत. त्यामुळे पोरांचा ओढा वाढतोय. या उन्हाळ्यात दोन-तीन पालक दुकानात येऊन विचारून गेले, "मुलगा म्हणतोय हाताला लावायचा खास बाम पाहिजे, इन्स्टाग्रामवर कोणीतरी घरी बनवून विकतंय, घेऊ का?" काउंटरवर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तळहात समजून घेऊ

तळहाताची कातडी बाकी अंगापेक्षा वेगळी असते. बाकी बहुतेक ठिकाणी त्वचा स्वतःचं थोडं तेल सोडते. तळहातावर आणि तळपायावर तेलाच्या ग्रंथीच नाहीत. घामाच्या ग्रंथी मात्र दाटीनं आहेत आणि त्या नुसत्या उकाड्यानं नाही, भीतीनंही पाझरतात. वीस फुटांवर लोंबकळताना हात ओले होतात ते यामुळेच.

वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. घासलं जाईल तसा तो जाड होतो, त्याला आपण घट्टा म्हणतो. चढणाऱ्याला घट्टा हवाच असतो, कारण खालच्या जिवंत कातडीचं तोच रक्षण करतो. पण तो लवचीक राहायला त्यात पाणी लागतं. हे पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की तो वाकायचं सोडून तडकतो.

सोलापुरात हे समजवायला मला विडीच्या पानाचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. विडी वळणाऱ्या बायका तेंदूची पानं आधी भिजवतात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. कोरडं पान कात्रीखाली कापायला घेतलं की चुरा होतो, आणि जास्त भिजलेलं पान फाटतं. फडकं पानाला पाणी देत नाही, दिलेलं पाणी टिकवतं. घट्ट्याचंही असंच. फार कोरडा झाला की सांध्याच्या घडीवर चीर पडते. फार मऊ झाला की पकडीवर, म्हणजे चढताना धरायच्या जागेवर, घासून सालपट निघतं, आणि ते थेट लालभडक मांसापर्यंत जातं.

त्यात चॉकची भर. चॉक म्हणजे चढताना हाताला लावायची पांढरी पूड, मॅग्नेशियम कार्बोनेट. फळ्यावरचा खडू तो हा नव्हे. चॉक घाम शोषतो आणि त्याबरोबर कातडीतली ओलही ओढून घेतो. भाची एप्रिलमध्ये पुण्याहून आली तेव्हा तिच्या अनामिकेच्या मधल्या घडीवर आडवी चीर होती. पोळीचा तुकडा मोडतानाही तिचा चेहरा कसनुसा व्हायचा. सोलापूरच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत ती चीर भरायला बारा दिवस लागले.

डबीत असतं काय

हातांच्या बामात तीन प्रकारची कामं करणारे पदार्थ असतात. एक, पाणी ओढून धरणारे: ग्लिसरीन, मध, युरिया. दोन, पेशींमधल्या फटी भरून कातडी मऊ करणारी तेलं: खोबरेल, बदाम, शिया (आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांची घट्ट चरबी), कोकम. तीन, वरून झाकण घालून पाणी उडू न देणारे: मधमाश्यांचं मेण, पेट्रोलियम जेली, लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. विडीच्या पानावरचं ओलं फडकं म्हणजे हा तिसरा प्रकार.

चढणाऱ्यांसाठीच्या डब्यांत बहुधा मेण आणि तेल एवढंच असतं, वर वासासाठी एखादं सुगंधी तेल. मेण जास्त घातलं की बाम कडक होतो आणि हात कमी तेलकट लागतो. कृती इतकी सोपी आहे की घरच्या शेगडीवर बनवता येते, म्हणूनच यात एवढे छोटे विक्रेते आहेत. त्यातले बरेच स्वतः चढणारे असतात. त्यांना हात कुठं फाटतो हे माहीत असतं आणि मला त्यांचं कौतुक वाटतं. आपल्याकडं शेंगा चटणी आणि कडक भाकरी घरून विकणाऱ्या बायकांसारखाच हा उद्योग. फरक एवढाच की चटणीवालीचं स्वयंपाकघर आपल्या गल्लीत असतं आणि बामवाल्याचं आपण कधी बघणार नसतो.

पहिला प्रश्न: यात पाणी आहे का?

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नको असं आई का ओरडते? तेलात बुरशी जगत नाही, पाण्याच्या थेंबात जगते. मेण आणि तेलाचा कोरडा बाम तसाच आहे. त्यात पाणीच नसेल तर जंतू वाढायला जागा नसते आणि वेगळं परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारं रसायन, घालावं लागत नाही.

पण बाम हलका वाटावा, चटकन जिरावा म्हणून काही जण त्यात गुलाबपाणी, कोरफडीचा गर किंवा साधं पाणी घोटतात. मग तो क्रीम होतो आणि क्रीमला परिरक्षक लागतंच. "आम्ही कुठलंही केमिकल घालत नाही" असं लिहिलेलं क्रीम कोणी पाण्यासकट विकत असेल तर ते मी घेणार नाही, मग विकणारा कितीही प्रामाणिक असो. चढणाऱ्याच्या बोटांना चिरा असतात. जंतू वाढलेलं क्रीम तो थेट चिरेत भरत असतो.

शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्यात घोटलेलं तूप, आजकाल ऑनलाइन खूप विकलं जातं. मऊसूत असतं, पण घोटताना तुपात पाणी अडकून राहतं, म्हणून ते ताजं घ्यावं आणि थोडंच घ्यावं.

आणखी एक गोंधळ नेहमी दिसतो. "व्हिटॅमिन ई घातलंय, त्यामुळे टिकतं" असं विक्रेते लिहितात. व्हिटॅमिन ई तेल खवट व्हायला उशीर लावतं. जंतूंना ते अडवत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत.

खवटपणा मात्र सोलापूरकराला शिकवावा लागत नाही. जुन्या शेंगदाण्याचा वास ज्याला कळतो त्याला बिघडलेला बामही कळतो. म्हणूनच फार उग्र सुगंधाच्या डबीबद्दल मी जरा सावध असते, त्या वासाखाली तेल कसं आहे ते नाकाला समजत नाही.

उन्हाळा आणि कुरिअर

आता भाचीच्या प्रश्नाकडं येते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. शिया तिशीच्या पुढं मागं पातळ होऊ लागतो, कोकमाचं तेल चाळिशीच्या आसपास. मधमाश्यांचं मेण मात्र ६२ ते ६४ अंशांपर्यंत टिकतं. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याच्याही बऱ्याच वर. थंड हवेच्या गावात बनवलेला, मेण कमी घातलेला बाम इथं पोचेपर्यंत तेल होतो, डबी आडवी असेल तर गळतो आणि रात्री सावकाश थिजतो. सावकाश थिजताना शियासारख्या चरबीतले वेगवेगळे घटक वेगवेगळ्या वेळी घट्ट होतात, म्हणून ते रव्यासारखे कण.

हे कण म्हणजे बिघाड नव्हे. कोरडा बाम असेल तर उघडी डबी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, पाण्याचा थेंबही आत जाऊ द्यायचा नाही, पूर्ण वितळल्यावर काडीनं ढवळून लगेच फ्रीजमध्ये ठेवायची. पटकन थिजला की पुन्हा गुळगुळीत होतो. क्रीम असेल आणि तेल-पाणी वेगळं झालं असेल तर हा उपाय चालत नाही, ते टाकून द्यावं.

मी आगपेटीच्या काडीनं भाचीच्या डबीचा तळ खरवडला. खाली पाण्याचे बारीक थेंब होते. तिनं विक्रेत्याकडून लेबलाचा स्पष्ट फोटो मागवला. त्यात गुलाबपाणी होतं, परिरक्षक नव्हतं. डबी कचऱ्यात गेली.

लेबलावर काय असायला हवं

इथं लोकांची एक समजूत चुकते. सौंदर्यप्रसाधन विकायला परवाना लागत नाही, पण विक्रीसाठी बनवायला लागतो. अंगाला लावायची क्रीम आणि बाम १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली येतात. परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि वजन लेबलावर असावं लागतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यायची असते, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमानं. म्हणजे लेबलावर पुढं मोठ्या अक्षरात "कोकम बाम" आणि यादीत कोकम शेवटून दुसरं असेल, तर आपण कशाचे पैसे देतोय ते समजतं.

एक बारकावा. ३० ग्रॅमपेक्षा लहान डबीला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे, आणि चढणाऱ्यांच्या पुष्कळ डब्या १५ ग्रॅमच्या असतात. तिथं यादी नाही म्हणून विक्रेता लबाड ठरत नाही. पण विचारल्यावर त्यानं सांगितली पाहिजे. "सीक्रेट फॉर्म्युला आहे" हे उत्तर आलं की मी पुढं जात नाही.

विक्रेता स्वतः बनवत नसेल तर परवानाधारक कारखान्याकडून बनवून घेऊ शकतो. तेव्हा लेबलावर निर्माता आणि विक्रेता अशी दोन नावं दिसतात, त्यात वावगं काही नाही. परदेशी माल असेल तर आयातीची नोंदणी आणि आयातदाराचं नाव-पत्ता हवा. कोणीतरी बॅगेतून आणलेल्या चार डब्या फोटो टाकून विकत असेल तर यातलं काहीच नसतं.

आणि दावा वाचा. "हात मऊ ठेवतो" हा प्रसाधनाचा दावा आहे. "जखम भरतो, संसर्ग बरा करतो" म्हटलं की तो औषधाचा दावा होतो आणि त्याला औषधाचा परवाना लागतो.

"पण हे सगळं नैसर्गिक आहे"

नैसर्गिक असणं आणि कातडीला सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिब्बाही नैसर्गिकच आहे आणि त्याचं तेल कातडीला लागलं तर काय होतं ते आपल्या घरातल्या थोरांना विचारा. टी ट्री तेलानं, मेणातल्या प्रोपोलिसनं (मधमाश्यांच्या डिंकानं), लॅनोलिननं काहींना पुरळ येतं. लिंबू किंवा बर्गमॉट या लिंबाच्याच जातीच्या फळाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात. आपल्याकडच्या उन्हात ही गोष्ट किरकोळ नाही.

म्हणून नवा बाम आला की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. खाज, लाली आली नाही तरच हाताला.

"मग दुकानातली पेट्रोलियम जेली का नको?"

हा आक्षेप रास्त आहे आणि मी दुकानदार असूनही खरं सांगते: बहुतेकांना ती पुरते. पाणी रोखून धरण्यात तिच्या तोडीचं फार थोडं काही आहे. रात्री हात धुवायचे, थोडे दमट असतानाच पातळ थर लावायचा, सुती हातमोजे घालून झोपायचं. आमच्याकडं येणाऱ्या विडी कामगार बायका आणि मागावरचे कामगार वर्षानुवर्षं हेच किंवा खोबरेल वापरत आलेत. कोकणात कोकमाच्या बियांचं घट्ट तेल भेगांवर लावतात, ते तर बामच आहे, फक्त डबीत भरलेलं नाही.

खास बामाचे जास्त पैसे कशाचे, तर हात चिकट न राहण्याचे आणि खिशात मावणाऱ्या डबीचे. ज्याला सकाळी उठून परत भिंतीवर जायचंय त्याला त्याचं मोल असू शकतं. तुलना करताना दहा ग्रॅमला किती पडतात ते काढा. आणि बाम कुठलाही घ्या, चढण्याआधी लावू नका. तेलकट हात निसटतो आणि पकडीवर तेल राहिलं तर मागून येणाराही निसटतो.

दुकानातल्या दोन गोष्टी मात्र मी चढणाऱ्यांना देत नाही. पहिली, टाचेच्या भेगांची जास्त युरियाची क्रीम. युरिया पाच-दहा टक्के असेल तोवर ओल धरतो. वीस-पंचवीसच्या पुढं गेला की घट्टा विरघळवू लागतो, आणि टाचेला तेच हवं असतं. एक मुलगा आईची टाचेची क्रीम आठवडाभर बोटांना लावून सह्याद्रीतल्या मोहिमेला गेला होता. काळ्या खडबडीत बेसॉल्ट खडकावर पहिल्याच दिवशी चार बोटांची सालं निघाली. कुरूप काढायची सॅलिसिलिक ॲसिडची पट्टी तर बोटांच्या आसपासही नको.

दुसरी, घाम बंद करणारी मलमं. काही छोटे विक्रेते परदेशातून मेथेनामाइन असलेलं मलम आणून चढणाऱ्यांना विकतात. मेथेनामाइन आम्लयुक्त घामात विघटित होऊन थोडं थोडं फॉर्मॅल्डिहाइड सोडतं आणि कातडी कोरडी, टणक करतं. मुंबईच्या दमट हवेत हात सतत गळत असतील त्याला डॉक्टरांना विचारून त्याचा उपयोग होईलही. सोलापूरच्या हवेत ते लावलं की बोटं कडक भाकरीसारखी होतात आणि घडीवर मोडतात.

सालपट निघून रक्त आलंच तर बाम बाजूला ठेवा. पाण्यानं धुवा, लोंबणारी कड स्वच्छ कात्रीनं कापा, पट्टी लावा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. रक्ताळलेलं बोट डबीत घालू नका, आणि मित्रांनी एकाच डबीत बोटं घालण्याची पद्धतही सोडा.

पैसे अडकले तर

भाचीचे पैसे परत मिळाले नाहीत. विक्रेत्यानं "उन्हाळ्यात असं होतंच" म्हणून उत्तर देणं बंद केलं. तिनं कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवले होते, बिल नव्हतं, लेबलावर पत्ता नव्हता. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध, इथंच गाडी अडली.

बिल आणि पत्ता असता तर रस्ता होता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठेवरच्या विक्रेत्याला सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, सोलापूरचा माणूस सोलापुरात दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. चारशे-पाचशे रुपयांच्या डबीसाठी कोणी आयोगापर्यंत जात नाही हे मला कळतं. पण बिल मागायला, विक्रेत्याच्या पानाचा आणि संभाषणाचा स्क्रीनशॉट ठेवायला, पार्सल उघडताना मोबाइल चालू ठेवायला कष्ट पडत नाहीत.

दुसरी डबी

जूनमध्ये भाचीनं आणखी एका छोट्या विक्रेतीला विचारलं. १५ ग्रॅमची डबी, वर यादी नव्हती. तिनं तीन प्रश्न पाठवले: पाणी आहे का, कधी बनवलाय, कुठं बनतो. अर्ध्या तासात उत्तर आलं. पाणी नाही, मेण, बदाम तेल आणि कोकम, महिन्यापूर्वीची बॅच, खाली कारखान्याचं नाव आणि परवाना क्रमांक. शेवटी एक ओळ होती: "तुमचा पिनकोड सोलापूरचा दिसतोय. पाऊस सुरू झाला की सांगा, तेव्हा पाठवते, आत्ता वाटेत वितळेल."

ती डबी जुलैत आली, कोरडी आणि समतल. दोन दिवस कोपराच्या आत लावून झाला. तिसऱ्या रात्री तिनं नखांच्या कडेतला चॉक ब्रशनं घासून हात धुतले, हरभऱ्याच्या डाळीएवढा बाम घेतला आणि अनामिकेच्या त्या घडीपासून चोळायला सुरुवात केली.